राजकन्येचा रंग

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत घडलेली एक लहानशी गोष्ट सांगून आजच्या विषयास आरंभ करतों. माझी सात वर्षांची नात रंगखडूंची पेटी घेऊन चित्र काढीत बसली होती. चित्रांत एक राजकन्या होती व तिच्या शेजारीं तिची मैत्रीण होती. मैत्रिणीचा चेहरा नातीनें तपकिरी खडूनें रंगविला आणि राजकन्येसाठीं फिकट गुलाबी खडू उचलला. मीं सहज विचारलें, "कां ग, दोघींना एकच रंग कां नाहीं देत?" मान वर न करतां ती म्हणाली, "आबा, ही मैत्रीण म्हणजे मी. राजकन्या अशी सावळी नसते."

तिच्या बोलण्यांत दुःख नव्हतें आणि तक्रारही नव्हती. सूर्य पूर्वेस उगवतो असें एखाद्यानें सांगावें, तितक्या सहजपणें तिनें तें सांगितलें. आणि त्या सहजपणानेंच मी अस्वस्थ झालों. स्वतःच्या हातानें काढलेल्या चित्रांतही ह्या मुलीनें स्वतःस राजकन्येची जागा दिली नाहीं. हें तिला कोणीं शिकविलें? आईबापांनीं नाहीं, शाळेंतील बाईंनींही नाहीं. मग तिच्या भोंवतालच्या वस्तूंकडे मीं नीट पाहिलें. तिच्या दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर आणि वाढदिवसाच्या झग्यावर पिवळ्या केसांची, निळ्या डोळ्यांची एकच राजकन्या मला दिसली. २०१३ सालच्या 'फ्रोझन' ह्या चित्रपटांतील ही एल्सा. वाशीमच्या उन्हांत वाढणाऱ्या मुलीच्या पाठीवर ती बर्फाची राणी रोज शाळेंत जाते.

हजारों रेखाचित्रें एकामागून एक दाखवून हालचालीचा भास उत्पन्न करावयाचा, ही ह्या बोलपटांची युक्ति. वॉल्ट डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेनें आपला पहिला पूर्ण लांबीचा असा चित्रपट १९३७ सालीं पडद्यावर आणला, तो एका राजकन्येचाच होता. ग्रिमबंधूंनीं १८१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या जर्मन लोककथांतून ती गोष्ट घेतलेली आहे. मराठींत आपण तिला 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून ओळखतों. नांव मोठें गोड आहे. परंतु त्या नांवांतच सौंदर्याची अट घालून ठेवलेली आहे, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. कथेंतील राणी आरशास विचारते कीं, सर्वांत सुंदर कोण? इंग्रजींत तेथें जो शब्द योजतात, त्याचा अर्थ 'सुंदर' असाही होतो आणि 'गोरी' असाही होतो. दोन कल्पना एका शब्दांत राहूं लागल्या, म्हणजे त्या निराळ्या आहेत ह्याचा हळूहळू विसर पडतो.

माझें म्हणणें कोणी चुकीचें समजूं नये. जेथें हिंवाळ्यांत अंगणभर बर्फ पडतें, तेथील आईनें आपल्या लेकीसाठीं बर्फाची उपमा शोधावी, ह्यांत गैर कांहीं नाहीं. दोष त्या उपमेचा नव्हे. ती एकच उपमा साऱ्या जगाच्या मुलींचें माप ठरली, हा दोष आहे.

हिमगौरीमागून १९५० सालीं सिंड्रेला आली, १९५९ सालीं निद्रिस्त राजकन्या आली. पुढें १९९२ सालीं अरबी कथेंतील जास्मिन, १९९५ सालीं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील पोकाहॉन्टस आणि १९९८ सालीं चीनची मुलान, अशा निराळ्या वर्णाच्या नायिका दिसूं लागल्या. परंतु ह्या चित्रशाळेची पहिली कृष्णवर्णी राजकन्या टियाना हिला पडद्यावर यावयास २००९ साल उजाडावें लागलें. म्हणजे हिमगौरीनंतर ७२ वर्षें! अमेरिकेंत कृष्णवर्णी मुलींच्या तीन पिढ्या तोंवर दुसऱ्यांच्याच राजकन्या पाहत वाढल्या. टियाना न्यू ऑर्लिन्स शहरांतील एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी. ती दुसऱ्यांच्या खाणावळींत राबते, पै-पै जमविते आणि स्वतःचें उपाहारगृह काढावयाची जिद्द धरते. तिच्या कष्टाळूपणाचें कौतुक झालें. परंतु चित्रपटाच्या बहुतेक भागांत ती बेडकीच्या रूपांतच वावरते, हेंही टीकाकारांनीं बोलून दाखविलें. इतक्या वर्षांनीं सावळा चेहरा आला, तोही हिरव्या कातड्याखालीं झांकला गेला, ही त्यांची खंत मला रास्त वाटते.

२०२२ सालीं आणखी एक लक्षांत राहण्याजोगी गोष्ट घडली. जुन्या जलपरीच्या कथेवर जिवंत नटनटींना घेऊन नवा चित्रपट निघावयाचा होता, आणि जलपरीची भूमिका हॅली बेली ह्या कृष्णवर्णी गायिकेस मिळाली होती. त्याची पहिली झलक प्रसिद्ध होतांच अमेरिकेंतील अनेक आईबापांनीं आपल्या लहान मुलींच्या मुद्रा टिपून जगासमोर ठेवल्या. त्या मुली पडद्याकडे बोट दाखवून आनंदानें म्हणत होत्या कीं, ही तर माझ्यासारखी आहे! जलपरी कधीं कृष्णवर्णी असते काय, असा वादही पुष्कळांनीं घातला. जी मुळांत अस्तित्वांतच नाहीं, तिच्या कातडीविषयीं एवढी खात्री लोकांस असावी, हें आश्चर्यच म्हणावयाचें.

कोणी म्हणेल, "गुरुजी, खेळण्याबाहुल्यांची एवढी चिंता कशाला?" ह्यास एक उत्तर आहे. केनेथ व मेमी क्लार्क ह्या कृष्णवर्णी मानसशास्त्रज्ञ दांपत्यानें १९४० च्या सुमारास अमेरिकेंत लहान मुलांसमोर बाहुल्या मांडल्या. बाहुल्या सर्वस्वीं सारख्या, फरक तो केवळ रंगाचा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असें विचारल्यावर बहुसंख्य कृष्णवर्णी मुलांनीं चांगली म्हणून गोरी बाहुली दाखविली. शेवटीं त्यांस विचारलें कीं, ह्यांतील तुझ्यासारखी कोणती? त्या प्रश्नावर कांहीं मुलांना रडूं कोसळलें. गोऱ्या व काळ्या मुलांच्या निरनिराळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा निकाल १९५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला, तेव्हां त्या निकालाच्या तळटीपेंत क्लार्क ह्यांच्या अभ्यासाचा उल्लेख झाला. ज्या बाहुल्या न्यायासनापर्यंत पोंचल्या, त्यांना क्षुल्लक कसें म्हणावें?

आतां आपल्या घरांत येऊं. अमेरिकेचा वंशभेद आणि आपला रंगभेद हे एक नव्हेत. आपल्याकडे एकाच आईच्या दोन लेकी दोन रंगांच्या असतात. पण म्हणूनच आपला भेद घराच्या आंत, माजघरांत आणि पाळण्यापाशीं येऊन बसतो. काळी, सावळी, गव्हाळ, निमगोरी, उजळ, गोरी, गोरीपान, अशी उतरंड आपण शब्दांनींच रचून ठेवली आहे. बाळंतिणीच्या खोलींतून बाहेर येणारी बाई मुलीची प्रकृति सांगण्याआधीं तिचा रंग सांगते. वधूवरांच्या जाहिरातींत 'गोरी' हें विशेषण 'सुशिक्षित' ह्याच्याही आधीं छापलेलें मीं वाचलें आहे. १९७५ सालीं बाजारांत आलेल्या एका प्रसिद्ध मलमाच्या नांवांतून गोरेपणाचा शब्द २०२० सालीं गळला. डबीवरचा शब्द पुसला गेला; मनावरचा पुसावयास वेळ लागेल.

आपल्याकडील रेखाचित्रपटांतही हेंच दिसतें. हैदराबादेस तयार होणारा 'छोटा भीम' २००८ पासून घरोघरीं मुलें पाहत आली आहेत. त्यांतील नायक गव्हाळ आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु राजकन्या इंदुमती उजळ, आणि नायकाचा मत्सर करणाऱ्या दांडग्या मुलाचें नांव मात्र 'कालिया'! नांव ठेवणाराच्या मनांत दुष्टावा नसेल. पण मुलाच्या कानांवर तें नांव रोज पडतें आणि काळा रंग व खोडसाळपणा ह्यांची गांठ नकळत बांधली जाते. देवांचीही सुटका नाहीं. ज्याचें नांवच कृष्ण, त्याला आपण चित्रांत निळा रंगवितों. द्रौपदीचें दुसरें नांव कृष्णा. ती सावळी होती म्हणून तें पडलें. छापील तसबिरींत मात्र ती बहुधा गोरीच आढळते. काळा रंग काळा म्हणून दाखविण्याचें धैर्य आपल्यास होत नाहीं. आणि गंमत अशी कीं, ह्याच महाराष्ट्रांत लक्षावधि माणसें दर आषाढीस पायीं चालत जाऊन एका काळ्या मूर्तीच्या पायांवर डोकें ठेवितात!

श्रोतेहो, विदर्भाइतकें राजकन्यांचें माहेर दुसरें क्वचितच असेल. कृष्णाला स्वतः निरोप धाडून आपला वर आपण निवडणारी रुक्मिणी इथली. अगस्त्याची लोपामुद्रा इथल्या राजाच्या घरीं वाढली. 'रघुवंशा'ची इंदुमती इथलीच; छोट्या भीमाच्या राजकन्येचें नांव तिच्याच नांवासारखें आहे. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगावयास हवी कीं, कालिदासानें इंदुमतीस गौरच म्हटलें आहे. गोऱ्या रंगाची आवड आपण सर्वस्वीं परक्यांकडून उसनी घेतली, असें म्हणणें सोयीचें असलें तरी खरें नाहीं. परंतु त्याच स्वयंवरांत सांवळ्या पांड्य राजाचें वर्णन करतांना कवि सुचवितो कीं, तुम्हां दोघांच्या रंगांनीं एकमेकांची शोभाच वाढेल. आवड होती, पण तिच्यापायीं दुसऱ्या रंगाचा तिरस्कार नव्हता.

ह्या सर्व राजकन्यांत मला दमयंती फार मोलाची वाटते. स्वयंवरांत चार देव नळाचें रूप घेऊन बसले असतां तिनें खरा नळ ओळखला. पुढें नळाचें रूप पालटलें, तो कुरूप बाहुक झाला, तेव्हांही त्याच्या हातच्या स्वयंपाकावरून आणि अश्वविद्येवरून तिनें त्याचा माग काढला. पहिल्या वेळीं सारखीं रूपें तिला फसवूं शकलीं नाहींत आणि दुसऱ्या वेळीं विद्रूप चेहरा तिला अडवूं शकला नाहीं. रूपाच्या पलीकडे पाहणें हीच तिची विद्या.

आणि ह्याच कथेच्या संदर्भांत मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. मी प्राथमिक शाळेंत शिक्षक असतांना एका वर्षीं स्नेहसंमेलनांत मुलांकडून नलदमयंतीचें नाटक बसविलें. दमयंतीचे संवाद सर्वांआधीं पाठ करून आलेली मुलगी सावळी होती. तिचा उच्चार स्वच्छ आणि आवाज खणखणीत होता. मीं भूमिका दिली दुसऱ्या मुलीस. ती गोरी होती, आणि 'राजकन्या शोभेल' असें मला वाटलें. हिला मीं पडद्यामागें पुस्तक घेऊन संवाद सुचवावयास उभी केली. गोरी मुलगी दोन ठिकाणीं अडखळली, आणि दोन्ही वेळां पडद्यामागच्या आवाजानें तिला सांवरलें. टाळ्या पडल्या. मलाही शाबासकी मिळाली. ज्या कथेचें सार रूपापलीकडे पाहणें हें आहे, तीच कथा बसवितांना मीं रूप पाहून निवड केली, हें त्या वेळीं माझ्या मनांतही आलें नाहीं.

पुष्कळ वर्षांनीं एका लग्नांत ती मला भेटली. आतां ती स्वतः शिक्षिका आहे. तिनें वांकून नमस्कार केला आणि हंसून म्हणाली, "गुरुजी, दमयंतीचे संवाद मला अजून पाठ आहेत." मला काय बोलावें सुचेना. तीच पुढें म्हणाली, "मी आतां संमेलनासाठीं मुली निवडतांना डोळे मिटून ऐकतें." तिच्या बोलण्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरें वाटलें असतें. तीस वर्षांच्या नोकरींत अशा किती मुलींना मीं पडद्यामागें उभें केलें असेल, ह्याचा हिशेब माझ्यापाशीं नाहीं.

आपल्या भूमीवर सावळ्या राजकन्येचें चित्र काढावयाची पद्धत नव्हती काय? होती, आणि तिचा धागा आमच्या वाशीमपर्यंत येऊन पोंचतो. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. येथें १९३९ सालीं सांपडलेल्या ताम्रपटानें ह्या शाखेचा इतिहास उजेडांत आला. राजशेखरानें आपल्या 'काव्यमीमांसें'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या ह्यांचें लग्न वत्सगुल्मांतच लावलें आहे. ह्याच शाखेचा राजा हरिषेण पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांत राज्य करीत होता. अजिंठ्याचें सोळावें लेणें त्याचा मंत्री वराहदेव ह्यानें करविलें, असें तेथील शिलालेखच सांगतो. आणि पहिलें लेणें स्वतः हरिषेणानें करविलें, असें वॉल्टर स्पिंक ह्या संशोधकांचें मत होतें.

त्या पहिल्या लेण्यांत, पद्मपाणि बोधिसत्त्वाच्या जगप्रसिद्ध चित्राच्या परिसरांत, मस्तकावर मुकुट आणि गळ्यांत अलंकार असलेली एक काळीसावळी स्त्री रंगविलेली आहे. पाहणारे तिला 'कृष्णवर्णी राजकन्या' म्हणूनच ओळखतात. जुनीं चित्रें काळवंडतात, हें खरें. १९२० नंतर निजामाच्या राज्यांत इटालियन कारागिरांनीं चित्रांवर लाखेचा लेप दिला, त्यानेंही रंग मंदावले. परंतु एकाच भिंतीवर गोरी, गव्हाळ आणि सावळी माणसें शेजारीं शेजारीं दिसतात, तेव्हां तो भेद काळानें केलेला नसून चित्रकाराच्या कुंचल्यानें केलेला आहे, हें उघड आहे. त्यानें भोंवतालीं जशीं माणसें पाहिलीं, तशीं काढलीं. आणि मुकुट गोऱ्या मस्तकासाठींच राखून ठेवला नाहीं. सतराव्या लेण्यांत प्रसाधन करणारी एक राजस्त्री हातांत आरसा धरून उभी आहे. हिमगौरीच्या राणीप्रमाणें ती आरशास कांहीं विचारीत नाहीं.

आणखी एक योगायोग सांगतों. १९५६ सालीं मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें रेखाचित्रपटांचा विभाग उभा करण्यासाठीं क्लेअर वीक्स नांवाचे अमेरिकन कलावंत आले. डिस्ने ह्यांच्या चित्रशाळेंत हिमगौरीच्या चित्रपटावर काम केलेल्यांपैकीं ते एक. त्यांच्या हाताखालीं आपल्या तरुण चित्रकारांनीं १९५७ सालीं जातककथेवरून 'बन्यन डिअर' म्हणजे वटमृगाचा चित्रपट केला, आणि त्यासाठीं आधार घेतला अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा! ज्या हातानें हिमगौरीच्या कामांत वाटा उचलला, तोच हात आपल्या मातीचे रंग वापरावयास शिकूं शकला. मग आपल्या हातांनींच ते कां विसरावे?

केवळ रंग बदलून भागणार नाहीं, हेंही मला ठाऊक आहे. सावळी राजकन्या रंगवून तिला पुन्हां खिडकींत बसवून राजपुत्राची वाट पाहावयास लावली, तर मुलींचें फारसें हित साधणार नाहीं. २०१६ सालच्या 'मोआना'मध्यें पॅसिफिक बेटावरील मुलगी समुद्राची वाट शोधीत निघते आणि कथा लग्नाशिवाय पुरी होते. आपल्या दमयंतीचें आणि रुक्मिणीचें मोलही त्यांच्या कृतींतच आहे. मुलीनें कोणासारखें दिसावें ह्यापेक्षां कोणासारखें वागावें, हा प्रश्न मोठा आहे. परंतु पहिल्या प्रश्नांत तिला दाराबाहेर ठेविलें, तर दुसऱ्या प्रश्नापर्यंत ती पोंचणार कशी?

म्हणून आपणांस माझी विनंति लहानच आहे. गोष्ट सांगतांना राजकन्येच्या आधींचें 'गोरीपान' हें विशेषण गाळून पाहावें. गोष्टीचें कांहीं बिघडत नाहीं, हें माझ्या अनुभवाचें आहे. पाळण्यांतल्या मुलीच्या रंगाची चर्चा तिच्या कानांआड करावी, किंबहुना करूंच नये. 'काळे' ही हांक लाडानें मारली तरी ती लाडानेंच ऐकली जाते, असें समजूं नये. आणि जे शिक्षक संमेलनें बसवितात, त्यांनीं माझ्या विद्यार्थिनीप्रमाणें डोळे मिटून ऐकावें.

मीं नातीस अजिंठ्याच्या पुस्तकांतील त्या राजकन्येचें चित्र दाखविलें. तिनें तें बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "आबा, ही खरोखरच राजकन्या आहे, कीं तुम्ही म्हणतां म्हणून?" मीं तिला मुकुट दाखविला. तिनें मान डोलविली; पण तिची खात्री पटली असें मला वाटत नाहीं. दप्तर, बाटली आणि झगा एका बाजूस, आणि आजोबांच्या पुस्तकांतील एक चित्र दुसऱ्या बाजूस. ह्या तराजूचें पारडें एकट्या आजोबानें फिरणार नाहीं. त्यासाठीं आपण सर्वांनीं हात लावला पाहिजे.